खुर्चीवरची सामायिक आणि कंबरेचं ‘कर्म’



आज थोडं रागावून लिहिते आहे. आधीच सांगते, म्हणजे वाचताना दचकणार नाही.

यंदाच्या पर्युषणातली गोष्ट. आमच्या सासूबाई, वय 68, सहा वर्षांनी पहिल्यांदा स्थानकात सामायिकीला गेल्या. मागच्या दिवाळीनंतर पुण्यात त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर अजिबात नाही. म्हणून मी भिंतीशी एक साधी खुर्ची लावून दिली. मुहपत्ती बांधून त्या बसल्या. दहा मिनिटं झाली नसतील, मंडळातल्या एक मोठ्या बाई जवळ येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “खुर्चीवर बसून सामायिक लागत नाही, बाई. इतकं होत नसेल तर घरीच माळ फिरवावी.” महासतीजी आत होत्या, त्यांच्या कानावर हे गेलंच नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. 48 मिनिटं पूर्ण केली, घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आज नको येऊ मी. लोकांना अडचण होते.” संवत्सरीपर्यंत त्या परत गेल्या नाहीत.

सहा वर्षांचं दुखणं त्यांनी सोसलं. ते एक वाक्य मात्र त्यांना सोसलं नाही. म्हणून हा लेख.

आधी त्या सहा वर्षांबद्दल. आमचं घर तळेघरचं. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. चार महिने धुकं, ओल, वाळत नाहीत ते कपडे. किराण्याचं दुकान पुढे, घर मागे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नळ नव्हता. हंडे आणायचे, गाळायचे, जीवाणी परत जागच्या जागी पोचवायची. घरात कुणाचा ना कुणाचा उपवास, आयंबिल, म्हणजे उकळलेल्या पाण्याची मोठी पातेली चुलीवरून उतरवून परातीत गार करायची. उन्हाळ्यात वर्षाचे पापड, खाकरे, मसाले, सगळं जमिनीवर बसून. दुकानात गर्दी झाली की गुळाची ढेप उचलायलाही त्याच. वाकून झाडणं, वाकून पुंजणं, वाकून वाढणं. चाळीस वर्षं.

मग त्यांची “कंबर” धरायला लागली. पहिली दोन वर्षं तेल लावलं, शेक घेतला. तिसऱ्या वर्षी पट्टा आणला. चौथ्या वर्षी त्या एसटीची पायरी चढेनात. पाचव्या वर्षी पायाची नखं कापता येईनात, सून म्हणून ती मी कापायचे. कुणीही आलं की एकच बोलणं. “वय झालं.” “असाता वेदनीयचा उदय आहे, समभावानं भोगायचं.” “चांगलं आहे, कर्म खपतायत.” आणि हे बोलणाऱ्यांत मीही होते. लपवत नाही.

सहाव्या वर्षी त्या अंगणात घसरल्या तेव्हा एक्स-रे निघाला. हाड मोडलं नव्हतं. पण डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, “यांना जांघेत दुखत होतं का?” हो, दुखत होतं. पण बाई जांघेत दुखतंय असं चारचौघांत कशी म्हणणार? म्हणून ती “कंबर” म्हणाली. दुखणं कंबरेचं नव्हतंच. खुब्याचा सांधा पार झिजला होता. आम्ही सहा वर्षं चुकीच्या जागी तेल चोळत होतो.

तळेघरला सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, घोडेगावला ग्रामीण रुग्णालय, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. रस्ता आहे, गाडी आहे. कमी होतं ते आमच्या मनात. आम्हाला ते दुखणं तपासण्यासारखं वाटलंच नाही, कारण आम्ही त्याला धर्माचं नाव देऊन ठेवलं होतं.

आता मला विचारायचंय, हे खरंच धर्माचं सांगणं आहे का?

कर्मसिद्धांत मी नाकारत नाही. असाता वेदनीयचा उदय असतो, हे मीही मानते. पण आपण शाळेत शिकल्यासारखं तत्त्वार्थसूत्रातलं तपाचं वर्गीकरण पाठ करतो ना? सहा बाह्य तपं, सहा आभ्यंतर. कायक्लेश हे बाह्य तप आहे. ते कोण करतं? जो समजून, स्वतःच्या इच्छेनं, मर्यादा ठरवून करतो तो. सासूबाईंनी खुब्याचं दुखणं निवडलं नव्हतं. त्यांना ते काय आहे हेही माहीत नव्हतं. नाइलाजानं, न समजता भोगलेल्याला आपल्याकडे अकाम निर्जरा म्हणतात, आणि तिची गणती सकाम निर्जरेच्या शेजारी होत नाही. मग आपण बायकांच्या नाइलाजाला तपाचं लेबल का लावतो?

दुसरं. त्याच शास्त्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, आणि त्यातला एक आहे वेदनेचा. दुखतंय, कधी थांबेल, यात मन अडकून राहणं. मला सांगा, ज्या बाईच्या कंबरेतून कळ पायापर्यंत जाते आहे, ती 48 मिनिटं जमिनीवर बसून काय करत असते? ती घड्याळ बघत असते. आसनावर बसून आर्तध्यान चाललेलं असतं, आणि आपण म्हणतो किती दृढधर्मी. तीच बाई भिंतीशी खुर्चीवर टेकली तर लोगस्सात मन लागेल. सामायिक म्हणजे समभाव. तो गुडघ्याच्या घडीत असतो का मनाच्या?

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आदिनाथ भगवानांच्या पूर्वभवातली जीवानंद वैद्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुष्ठानं पीडलेले एक मुनी होते. ते आपलं दुखणं समभावानं सोसत होते. जीवानंद आणि त्याच्या मित्रांनी त्यांना पाहिलं. ते म्हणाले का, की राहू दे, यांची कर्मं खपतायत? नाही. त्यांनी लक्षपाक तेल, रत्नकंबल, गोशीर्ष चंदन मिळवलं आणि मुनींना बरं केलं. अंगातल्या किड्यांचीसुद्धा जतना केली. सोसणं हे मुनींचं काम होतं, उपचार करणं हे पाहणाऱ्यांचं. आपण काय केलंय? पाहणाऱ्यांनी सोसण्याचा उपदेश करायचा, आणि वैयावच्च कुणीच करायची नाही. वैयावच्च तर आभ्यंतर तपात आहे, आणि ग्लानाची, म्हणजे आजाऱ्याची सेवा त्यात नाव घेऊन सांगितलेली आहे.

कुणी म्हणेल, औषधोपचार ही संसाराची गोष्ट. मग नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा अख्खा ग्रंथ का लिहिला? मद्य, मांस, मध न वापरता उपचार कसे करावेत याचा तो ग्रंथ आहे, आणि 1940 साली आपल्या सोलापुरातून तो छापून निघाला. सोसणं एवढंच उत्तर असतं तर एका आचार्यांनी हा खटाटोप केला नसता.

आणि आपली सूत्रं तरी किती शरीराची काळजी घेतात बघा. काउस्सग्गाच्या आधी आपण जे आगार बोलतो त्यात श्वास, खोकला, शिंक, जांभई, चक्कर, पित्ताची मूर्च्छा, सगळं आधीच गृहीत धरलंय. काउस्सग्ग उभ्यानं, बसून आणि निजूनही सांगितलाय. पोरिसीपासून उपवासापर्यंतच्या पचक्खाणात सव्वसमाहिवत्तियागार आहे. तीव्र वेदनेनं समाधी ढळत असेल तर औषध घ्यायची मोकळीक पचक्खाणातच ठेवलेली आहे. रोज बोलतो, अर्थ विचारत नाही. ज्यांनी सूत्रं रचली त्यांना माणसाचं शरीर माहीत होतं. आपल्याला ते शेजारच्या बाईचं असलं की विसरायला होतं.

आता समोरच्या बाजूनंही बोलते, कारण तिथेही खरं आहे.

एक आक्षेप असा की गुरूंपेक्षा उंच आसनावर बसणं ही आशातना आहे. बरोबर. तेहतीस आशातनांत ते आहे. पण त्यावर उपाय साधा आहे. खुर्च्या मागे, भिंतीशी लावाव्यात, पाटासमोर नाही, आणि वंदनेच्या वेळी ज्यांना जमेल त्यांनी उभं राहून हात जोडावेत. आशातना अनादरातून होते. खुब्यात धातूचा सांधा बसवलेली बाई अनादर करायला आलेली नसते.

दुसरा आक्षेप, एकीला खुर्ची दिली की उद्या पस्तिशीच्या सगळ्या खुर्ची मागतील. हेही अगदी खोटं नाही. लग्नात तीन तास गरब्यात नाचणारी सामायिकीला खुर्ची शोधते, हे मीही पाहिलंय. तिला मी म्हणेन, बाई, खाली बस. ज्यांना दुखत नाही त्यांनी जमिनीवर बसणं-उठणं सोडू नये, त्यानं खुबे आणि पाय हलते राहतात. पण चार जणी आळशीपणा करतात म्हणून पाचवीला, जिला खरंच बसता येत नाही, तिला दारातून परत पाठवायचं? हा कुठला न्याय?

आणि खुर्ची हा उपचार आहे असंही मी म्हणत नाही. खुर्चीत दिवसभर बसून राहिलं तरी कंबर धरतेच. मला स्वतःला धाकट्याच्या बाळंतपणापासून कंबरदुखी आहे. मी जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण नुसतं भांडून उपयोग नाही.

दुखतंय कुठे ते नीट, नाव घेऊन सांगा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत, मांडीच्या पुढच्या बाजूला, कधी गुडघ्यापर्यंत जाणवतं. नखं कापताना, उकिडवं बसताना, गाडीत चढताना ते वाढतं. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर बहुधा तिथल्या स्नायूंच्या कंडऱ्यांचं दुखणं असतं, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत ते फार आढळतं. कंबरेतून निघून पोटरी-पावलापर्यंत झिणझिण्या जात असतील तर ते आणखी वेगळं. लाज सोडून बोट ठेवून दाखवा. आमची सहा वर्षं त्या लाजेत गेली.

काही खुणा दिसल्या तर थांबूच नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर पाय टेकता न येणं. आणि तरुण मुलीची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहून हालचालीनं सुटत असेल, तर तो सांध्यांच्या वाताचा प्रकार असू शकतो. “या वयात कसली कंबर?” म्हणून तिला गप्प करू नका.

बाकीच्या बहुतेक जुन्या कंबरदुखीला विश्रांती नाही, हालचाल लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम आणि दुखणं समजून घेण्यावर भर आहे, आणि कंबरेचे पट्टे व वजनं लावून ताण देणं यांची शिफारस नाही. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे हे तुमच्या एकटीचं पाप नव्हे.

मी काय करते? रोज चालणं. पाठीवर निजून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलून धरायची, मनात एक नवकार होईपर्यंत, आणि खाली. असं दहा वेळा. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. हे सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, कारण खुब्याचं आणि कंबरेचं दुखणं एक नाही. आणि काठी घ्यायची वेळ आली तर ती दुखऱ्या खुब्याच्या उलट्या हातात धरायची. सासूबाई दोन वर्षं चुकीच्या हातात धरत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं.

गोळ्यांबद्दल हात जोडून सांगते. अठ्ठाई चालू आहे आणि कंबर दुखते म्हणून पारण्याच्या आदल्या संध्याकाळी पाण्याबरोबर वेदनाशामक गोळी, हे आपल्यात सर्रास चालतं. रिकाम्या पोटी, शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. बीपी-साखरेची औषधं चालू असतील तर धोका आणखी. तप करायचं तर आधी डॉक्टरांना विचारून करा.

ड जीवनसत्त्व आणि बी-12 तपासून घ्या. बी-12 कमी असलं तरी पायाला मुंग्या येतात आणि आपण “शीर दबली” म्हणत बसतो. कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. दुकानदाराला न लाजता विचारा, गोळी, पुडी किंवा थेंबांच्या रूपातही मिळतं. नाचणी, तीळ, दूध आपल्या घरात आहेच, ते फक्त पुरुषांच्या ताटात जाऊ देऊ नका.

आता शेवटची गोष्ट, आणि ही माझ्या घरावर येते.

आमच्या दुकानासमोरून आवणीच्या दिवसांत महादेव कोळी बायका इरलं, प्लास्टिक पांघरून जातात. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची, संध्याकाळी घरी जाऊन परत चूल. हिरड्याच्या दिवसांत रानात. दुकानात येऊन म्हणतात, “बाई, कंबर गेली, एक गोळी द्या.” आणि आम्ही वर्षानुवर्षं डब्यातून अंगदुखीची गोळी काढून दिली. पैसे घेतले. सासूबाईंच्या ऑपरेशननंतर मी हिशोब मांडला, किती जणींना आम्ही असं परत पाठवलं असेल. त्यांतल्या किती जणींचा खुबा होता, किती जणींची कंबर, आम्हाला काय माहीत? औषधदान म्हणतो आपण. न तपासता विकलेल्या गोळीला मी औषधदान म्हणू शकत नाही. तो डबा आता आम्ही बंद केलाय. कुणी मागितली तर मी आधी विचारते कुठे दुखतं, किती दिवस, आणि आरोग्य केंद्रात जायला सांगते. एका आजीबरोबर मी स्वतः गेले. गोळीपेक्षा वेळ जास्त लागतो, खरं आहे. अहिंसा जर फक्त कंदमुळाच्या टोपलीपाशी थांबत असेल आणि माणसाच्या हाडापर्यंत पोचत नसेल, तर ती अर्धीच म्हणायची.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक स्थानकात, देरासरात, उपाश्रयात भिंतीशी पाच खुर्च्या असाव्यात. एक फलक असावा की आजारी श्राविकांनी निःसंकोच वापराव्यात, म्हणजे कुणाला कुणाकडे मागावं लागणार नाही. उकळलेल्या पाण्याची मोठी पातेली बायकांनी एकटीनं उचलायची नाहीत, घरातल्या तरण्या पोरांनी उचलायची, धर्माचं पाणी आहे, त्यांनाही पुण्य लागू द्या. मंडळाच्या एखाद्या बैठकीत अंताक्षरीऐवजी डॉक्टर बोलवा. आणि कुणी “दुखतंय” म्हणाली तर पहिलं वाक्य “कर्म” नको, “कुठे?” असं असू दे.

परवा चौदस होती. मी त्या मोठ्या बाईंच्या घरी गेले होते, भांडायला नाही, क्षमापनेला. बोलता बोलता त्या उठल्या, आणि उठताना त्यांनी पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला. मी विचारलं, “काकीजी, कुठे दुखतं?” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “तीन वर्षं झाली. बसल्यावर उठवत नाही. पण सगळ्यांसमोर खुर्ची कशी मागू?”

माझा राग तिथेच निम्मा गेला. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी मंचरला डॉक्टरांकडे जाणार आहोत. आणि पुढच्या चौदसला प्रतिक्रमणाला भिंतीशी दोन खुर्च्या लागतील. एक सासूबाईंची, एक काकीजींची.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.